पोट सुटलेली पुंगळी

बंदूक वाजली कीं गोळी कोठें लागली इकडे सगळ्यांचें लक्ष जातें. गोळीला जिनें इतका वेळ पोटाशीं धरून ठेवलें होतें ती पितळी पुंगळी मागें मातींत पडते, आणि दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत ‘घटनास्थळीं रिकाम्या पुंगळ्या सांपडल्या’ एवढ्याच वाक्यांत तिची बोळवण होते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र या पुंगळीला निराळाच मान आहे. तेथील नेमबाजीच्या मैदानांवर सराव संपल्यानंतर पुष्कळ लोक, सुगी झाल्यावर शेतांत सांडलेल्या शेंगा वेंचाव्यात त्याप्रमाणें, वांकून पुंगळ्या वेंचतांना दिसतात. त्या घरीं न्यावयाच्या, धुऊन पुसून लखलखीत करावयाच्या, त्यांत नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी भरावयाची, आणि पुढच्या रविवारीं त्याच पुन्हां उडवावयाच्या, असा हा छंद आहे. काडतुसाच्या चार घटकांपैकीं पुंगळी हाच बहुधा सर्वांत खर्चाचा घटक, आणि तोच काय तो उडून न जातां शिल्लक राहणारा. तेव्हां काटकसरी माणसाला ती टाकून देणें जिवावर येतें यांत नवल नाहीं.

या छंदांत पडलेल्या माणसापुढें केव्हां ना केव्हां एक कोडें येऊन उभें राहतें. हातांतली पुंगळी सरळ नसते. तिला कोठें तरी पोट सुटलेलें असतें. कधीं तें गोळीच्या खालीं, कधीं तोंडाशीं, तर कधीं अगदीं बुडाजवळ, एकाच अंगाला. दिसण्यांत हे फुगवटे एकमेकांचे सख्खे भाऊ वाटतात. परंतु त्यांतील एक निव्वळ दिसण्याचा दोष असतो, दुसऱ्यामुळें पिस्तूल अडतें, आणि तिसरा फुगवटा ओळखतां आला नाहीं तर पिस्तूल धरणाऱ्याच्या बोटांवर आणि डोळ्यांवर बेतूं शकतें. कोणता फुगवटा कोणाचा, हें पुंगळी हातांत घेऊन वाचतां येणें ही या छंदांतील खरी विद्या होय.

पुढें जाण्यापूर्वीं कायद्याची बाजू सांगितली पाहिजे. अमेरिकेंत स्वतःच्या उपयोगापुरतीं काडतुसें घरीं भरण्यास मध्यवर्ती सरकारचा परवाना लागत नाहीं. विकण्याकरितां भरावयाचीं झालीं तर लागतो. भारतांत तसें नाहीं. १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वयें परवान्यावाचून दारूगोळा तयार करणें हा गुन्हा आहे. पुण्याशेजारीं खडकीला १८६९ सालापासून दारूगोळ्याचा कारखाना असला तरी शेजारच्या पेठेंतील गृहस्थाला घरीं काडतूस भरण्याची मोकळीक नाहीं. शिवाय आपल्याकडील नेमबाज ज्या काडतुसावर नांव काढतात तें पुन्हां भरतांच येत नाहीं. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धांत पंचवीस मीटर पिस्तुलाचें सुवर्णपदक मिळविलें, तें पॉइंट बावीसच्या काडतुसावर. त्यांत स्फोटक द्रव्य टोपीत नसून पुंगळीच्या बुडाच्या दुमडलेल्या कांठांत भरलेलें असतें, आणि घोड्याच्या आघातानें तो कांठच चेपला जातो. तेव्हां हा विषय मुळांत अमेरिकन घरांचा. येथें तो ऐकावयाचा तो पितळ आणि माणसाची सावधगिरी यांची एक गोष्ट म्हणून.

ज्या पुंगळ्या पुन्हां भरतां येतात त्यांच्या बुडाच्या मध्यभागीं टोपी बसविलेली असते. या टोप्यांचे मुख्य प्रकार दोन, आणि दोन्ही १८६६ च्या सुमाराचे. एक वूलिचच्या शाही प्रयोगशाळेचे इंग्रज अधिकारी कर्नल बॉक्सर यांचा, दुसरा अमेरिकन संशोधक हायरम बर्डन यांचा. बॉक्सरच्या पद्धतींत बुडाला मधोमध एकच छिद्र असतें, त्यांतून सुई घालून जुनी टोपी ढकलून काढतां येते. बर्डनच्या पद्धतींत छिद्रें बाजूला असतात आणि सुई चालत नाहीं. गमतीचा भाग असा कीं इंग्रजाची टोपी अमेरिकेंत रुजली आणि अमेरिकनाची युरोपांत. अमेरिकेंत घरोघर काडतुसें भरलीं जातात याचें अर्धें श्रेय या योगायोगाला दिलें पाहिजे.

आतां पुंगळी काय काम करते तें पाहूं. ती केवळ दारूची डबी नव्हे. दारू पेटली कीं आंतील वायूचा दाब एका क्षणांत प्रचंड वाढतो; नऊ मिलिमीटरच्या प्रचलित काडतुसाला अमेरिकन कारखानदारांच्या मंडळानें, म्हणजे १९२६ सालीं स्थापन झालेल्या ‘सामी’नें, चौरस इंचास ३५,००० पौंडांची कमाल मर्यादा घालून दिली आहे. त्या दाबानें पुंगळीच्या पातळ भिंती फुगून पिस्तुलाच्या चेंबरला घट्ट चिकटतात आणि वायूला मागें येण्याची वाट बंद करतात. गोळी नळीबाहेर पडून दाब उतरला कीं पितळ आपल्या लवचिकपणानें किंचित आखडतें, भिंत चेंबरपासून सुटते, आणि पुंगळी बाहेर फेंकली जाते. म्हणजे फुगणें हा पुंगळीचा दोष नसून तिचें कामच आहे. प्रत्येक उडालेली पुंगळी थोडी फुगलेलीच असते. प्रश्न एवढाच कीं ती किती फुगली आणि कोठें फुगली.

‘कोठें’ हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. पुंगळीची भिंत सर्वत्र सारखी जाड नसते. बूड भरीव, त्याच्या वर भिंत जाड, आणि तोंडाकडे जावें तसतशी पातळ, इतकी कीं नऊ मिलिमीटरच्या पुंगळीच्या तोंडाशीं ती पाव मिलिमीटरहून किंचितच अधिक भरते. तोंडाजवळ पडलेला फुगवटा म्हणजे कागदाला पडलेली घडी. बुडाजवळ पडलेला फुगवटा म्हणजे वासा वांकला असें समजावें.

घरीं भरण्याची क्रिया थोडक्यांत अशी. पाट्यावर घट्ट बसविलेलें एक लहानसें दाबयंत्र असतें. त्याचा दांडा ओढला कीं पुंगळी वर जाऊन एका पोलादी सांच्यांत शिरते. पहिल्या सांच्यांत कठीण धातूचें एक कडें बसविलेलें असतें. तें फुगलेली पुंगळी आवळून पूर्वीच्या मापाला आणतें, आणि सुईनें जुनी टोपी पडते. दुसऱ्या सांच्यांत तोंड किंचित घंटेसारखें उमलवितात, म्हणजे गोळी सहज बसावी. मग मापून दारू. तिसऱ्यांत गोळी दाबून बसवितात, आणि शेवटीं उमललेलें तोंड पुन्हां मिटवून गोळीवर हलकेंच आवळतात. घरगुती सांचे करणाऱ्या नामांकित पेढ्यांपैकीं एक, आरसीबीएस ही, १९४३ सालीं कॅलिफोर्नियांत ऑरोव्हिल गांवीं सुरू झाली, ती मुळीं खारीसारख्या प्राण्याच्या शिकारीच्या गोळ्या दाबण्याच्या सांच्यापासून. नांवांतील ‘रॉक चक’ तो प्राणीच.

समजा, अशा एका गृहस्थानें संध्याकाळीं बसून नऊ मिलिमीटरचीं पन्नास काडतुसें भरलीं. जाणता माणूस तीं तशींच डब्यांत टाकीत नाहीं. तो पिस्तूल रिकामें असल्याची खात्री करून त्याची नळी सोडवून काढतो, तोंड खालीं करून धरतो, आणि एकेक काडतूस चेंबरमध्यें सोडतो. ‘टप्’ असा आवाज करून काडतूस खालीं बसलें आणि नळी उलटी करतांच आपल्या वजनानें बाहेर घसरलें, तर तें चाललें. अर्ध्यावर अडकलें किंवा काढण्यास नख लावावें लागलें, तर कोठें तरी जाडी झाली आहे. या परीक्षेला सुताइतकाही खर्च येत नाहीं, आणि तरीही ती न करणारे बरेच आहेत.

पन्नासांतील बारा अडकलीं, असें धरूं. नवशिक्या येथें पहिली चूक करतो ती अशी कीं तो सगळ्याच बारांना एकच रोग समजतो. अनुभवी माणूस काळ्या शाईची लेखणी घेतो, अडकणाऱ्या काडतुसाला सर्व बाजूंनीं शाई फांसतो, तें चेंबरमध्यें घालून जरासें फिरवितो आणि बाहेर काढून पाहतो. जेथें शाई खरवडली गेली तेथें रोग. वैद्यानें नाडी पाहावी तशी ही खूण आहे, आणि तिच्याइतका भरंवशाचा साक्षीदार दुसरा नाहीं.

शाई तोंडालगत उडाली असेल तर दोष आवळण्याचा. एक तर उमललेलें तोंड पुरतें मिटलें नाहीं. सांचा किंचित खालीं फिरविला कीं काम झालें. किंवा याच्या उलट, तें फाजील आवळलें गेलें. मालकाला वाटतें कीं जितकें घट्ट तितकें बरें. परंतु तोंड गोळींत रुतून बसल्यावर आणखी दाब दिला तर पितळाला जाण्यास जागा उरत नाहीं, आणि तोंडाच्या खालची भिंत बाहेर वांकून तेथें एक बारीक खांदा उभा राहतो. गोळी बसविणें आणि तोंड आवळणें हीं दोन्ही कामें एकाच सांच्यांत एकाच दमांत केलीं म्हणजे हा प्रकार विशेष घडतो. कारण गोळी अजून खालीं सरकत असतांनाच तोंड तिला पकडूं लागतें आणि तिच्याबरोबर भिंतीलाही खालीं ओढतें. उपाय साधा आहे: दोन कामें दोन सांच्यांत. दांडा एकदां अधिक ओढावा लागतो, एवढाच तोटा. नऊ मिलिमीटर किंवा पंचेचाळीसच्या पिस्तुली काडतुसाची चेंबरमधील बैठकच पुंगळीच्या तोंडावर असते, म्हणून तेथें तोंड हलकेंच मिटवावयाचें. रिव्हॉल्व्हरच्या काठवाल्या काडतुसाप्रमाणें आंत वळवून गोळीच्या खांचेंत दुमडावयाचें नाहीं. एकाची रीत दुसऱ्याला लावली कीं फसगत ठरलेली.

शाई मध्यावर, परंतु एकाच अंगाला उडाली असेल तर गोळी तिरकी बसली आहे. तोंड पुरेसें उमलविलें नाहीं किंवा गोळी बोटांनीं सरळ ठेवली नाहीं, म्हणजे ती कलती होऊन आंत घुसते आणि एका बाजूची भिंत बाहेर ढकलते. शिशाच्या गोळीचा तर वरचा थर सोलून निघतो.

शाई मध्यावर सर्व बाजूंनीं सारखी उडाली असेल तर मात्र गणित करावें लागतें, आणि हें गणित शाळेंतील मुलालाही जमेल असें आहे. नऊ मिलिमीटरच्या काडतुसाचें तोंडाशीं कमाल माप ०·३८० इंच. गोळी ०·३५५ ची आणि भिंत ०·०११ ची असली तर गोळी अधिक दोन भिंती मिळून ०·३७७ होतात. चेंबरमध्यें जागा राहते. पण कोणी रिव्हॉल्व्हरची ०·३५८ ची शिशाची गोळी घरांत आहे म्हणून वापरली, आणि पुंगळी जाड भिंतीची, ०·०१२ ची, लाभली, तर बेरीज ०·३८२ वर जाते. दोन हजारांश इंचाचा हा फरक डोळ्यांना दिसत नाहीं, चेंबरला दिसतो.

येथें एक आडवाट आहे आणि पुष्कळजण तिनें जातात. भरलेलें काडतूस पुन्हां एका आवळणाऱ्या कड्यांतून काढावयाचें, म्हणजे जाडी दबून तें चेंबरमध्यें बसतें. बसतें हें खरें. परंतु पितळ लवचिक आहे, शिसें नाहीं. कड्यानें दोघांनाही दाबलें. कडें सुटतांच पितळ जरासें परत फिरलें, शिसें दबलें तें दबलेंच. गोळीभोंवतींची पकड त्यामुळें सैल होते. असें काडतूस मॅगझिनमधून चेंबरमध्यें झपाट्यानें ढकललें जात असतां गोळी आंत सरकूं शकते, दारूसाठीं असलेली पोकळी आकसते, आणि दाब मर्यादेबाहेर चढतो. एक निरुपद्रवी अडथळा दूर करण्यासाठीं धोक्याला घरांत घेण्याचाच हा प्रकार. योग्य मापाची गोळी आणणें हेंच शहाणपणाचें.

लांब गोळीचा दोष याच घराण्यांतला. भिंत खालीं जाड होत जाते हें वर सांगितलेंच आहे. लांब गोळी खोल बसविली कीं तिचें बूड त्या जाड होत जाणाऱ्या भागांत शिरतें आणि तेथें पुंगळीला कमरपट्ट्यासारखा फुगवटा येतो. अडतिसाच्या रिव्हॉल्व्हरमध्यें निशाणाच्या कागदाला स्वच्छ वाटोळें भोंक पाडणाऱ्या सपाट तोंडाच्या गोळ्या पुंगळींत जवळजवळ पूर्ण बुडवून बसवितात. त्यांच्यासाठीं कारखान्यांनीं खोलवर पातळ भिंत असलेल्या पुंगळ्या मुद्दाम केल्या, त्या याच कारणास्तव. नऊ मिलिमीटरमध्यें मात्र खोल बसविण्याचा प्रश्न निव्वळ आकाराचा नसतो. आंतली जागा मुळांतच लहान, तेथें गोळी थोडीशी अधिक आंत गेली तरी दाब झपाट्यानें वाढतो. अशा वेळीं पुस्तकांत त्या विशिष्ट गोळीसाठीं दिलेली लांबी सोडून आपल्या अंदाजानें चालणारा माणूस आंधळेपणानें चालतो.

या सर्वांहून निराळा असा एक फुगवटा आहे, त्याला भिण्याचें कारण नाहीं. आवळणारें कडें चेंबरपेक्षां अंमळ अरुंदच असतें. तेव्हां पुंगळी जरा जास्त आवळली जाते, आणि मग गोळी जेथपर्यंत बसली तेथपर्यंत ती पुन्हां फुलते. गोळीच्या बुडाखालीं सारखी बारीक कंबर दिसते. हें काडतूस ‘टप्’ करून चेंबरमध्यें बसत असेल तर त्याचें कांहीं बिघडलें नाहीं. उलट गोळीला चांगली पकड मिळाली असा त्याचा अर्थ आहे. या कंबरेला रोग समजून सांचे हलवीत बसणारे लोक बरे असलेल्या माणसाला औषध पाजतात.

आतां ज्याच्यासाठीं एवढें सांगितलें त्या फुगवट्याकडे वळावें. तो भरण्याच्या पाट्यावर होत नाहीं, पिस्तुलांत होतो. मैदानावरून आणलेली पुंगळी उभी धरून बोटांत फिरविली असतां बुडाच्या अगदीं वर, खांचेच्या लगत, एकाच बाजूला तिचें अंग सुजलेलें लागतें. यांतील कारण पिस्तुलाच्या रचनेंत आहे. मॅगझिनमधून वर येणारें काडतूस चेंबरमध्यें सुरळीत चढावें म्हणून चेंबरच्या खालच्या ओठाला एक उतरण कापलेली असते. जेथें ती उतरण चेंबरमध्यें शिरते तेथें पुंगळीच्या खालच्या अंगाला पोलादाचा आधार नसतो. त्या चिमटीएवढ्या जागेंत सारा दाब एकट्या पितळाला पेलावा लागतो. उतरण बेताची असेल तर हा भाग भरीव बुडाशीं येतो आणि कांहीं होत नाहीं. ती अधिक खोल असेल आणि दाबही कमाल मर्यादेच्या आसपास असेल, तर पितळ त्या फटींतून बाहेर डोकावूं लागतें. १९९० सालीं निघालेल्या पॉइंट चाळीसच्या काडतुसाच्या बाबतींत ही तक्रार विशेष ऐकूं आली. त्याचा दाब नऊ मिलिमीटरइतकाच, चौरस इंचास ३५,००० पौंडांचा, आणि त्या सुमाराचीं कांहीं पिस्तुलें सैल चेंबरचीं. पोलिसखात्यांनीं तें काडतूस मोठ्या प्रमाणावर घेतलें. त्यांच्या सरावाच्या मैदानांवरील पुंगळ्या बाजारांत स्वस्त आल्या, आणि त्यांबरोबर बुडाची सूजही घरोघर पोंचली.

पहिल्या सांच्यानें ही सूज जात नाहीं. कड्याच्या तोंडाला किंचित उतार असतो आणि खालीं पुंगळीचें बूड धरणारी चिमट असते. त्यामुळें बुडाजवळची कांहीं मिलिमीटरांची पट्टी कड्याच्या हातीं लागत नाहीं. म्हणून पुंगळी आरपार ढकलून काढावयाचीं कडीं निघालीं आहेत. पंचेचाळीस किंवा चाळीस या सरळ अंगाच्या पुंगळ्यांना तीं चालतात, नऊ मिलिमीटरला चालत नाहींत, कारण तिचें अंग बुडाकडून तोंडाकडे निमुळतें आहे. या कड्यांतून काढलेली पुंगळी नव्यासारखी दिसते, चेंबरमध्यें बसते, आणि भरणाऱ्याला वाटतें कीं रोग गेला.

गेला तो आकार. पितळावर गुदरलेला प्रसंग गेला नाहीं. पुण्यांत कसब्यांतील तांबट आळीजवळून ज्यांचें जाणें-येणें आहे त्यांना हें सांगावयास नको. तांबट भांड्यावर ठोके घालीत जातो तसतशी धातू कठीण आणि चिवटपणांत उणी होत जाते. म्हणून मधूनमधून तो भांडें भट्टींत तापवून मऊ करून घेतो, नाहीं तर तें फुटतें. पुंगळीच्या पितळांत शंभरांस सत्तर भाग तांबें आणि तीस भाग जस्त असतें, आणि त्याचा स्वभावही तोच. सुजतांना तें एकदां ताणलें गेलें, कड्यांतून जातांना दुसऱ्यांदां दाबलें गेलें. आणि पुंगळीचें बूड तापवून मऊ करणें हा उपाय येथें मुळींच चालत नाहीं, कारण तें कठीण असावें म्हणूनच कारखान्यानें तसें केलेलें असतें. पुन्हां त्याच पिस्तुलांत ती गेली आणि योगायोगानें तीच जागा पुन्हां उतरणीवर आली, तर दुसऱ्या वेळीं फुगवट्यावर न भागतां पितळ फाटूं शकतें. मग तो पेटलेला वायू मॅगझिनच्या वाटेनें खालीं, म्हणजे मुठीकडे येतो. किंचित सूज असलेली पुंगळी कड्यांतून काढून सौम्य दारूवर वापरणारे जाणते लोक आहेत. परंतु नखाला स्पष्ट जाणवणारी, एकांगी, धारदार सूज असलेली पुंगळी कितीही स्वस्त मिळालेली असली तरी ती भंगारांत टाकण्यापलीकडे तिला उपयोग नाहीं.

तीही टाकण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावयास हवा: ती सुजली कशानें? परक्याची असेल तर उत्तर मिळणें नाहीं. परंतु आपल्याच पिस्तुलांतून, आपणच भरलेल्या काडतुसाची पुंगळी एकाएकीं सुजून आली, तर पिस्तूल तेथेंच खालीं ठेवून उरलेलीं सर्व काडतुसें बाजूला काढलीं पाहिजेत. पिस्तुलाच्या जलद जळणाऱ्या दारूची एक मात्रा पुष्कळदां पुंगळीचा निम्मा भागही भरीत नाहीं. त्यामुळें दांडा ओढतांना लक्ष विचलित झालें तर एकाच पुंगळींत दोन मात्रा बिनबोभाट मावतात. या भयाचें दुसरें टोक म्हणजे मात्राच पडली नाहीं तर. तेव्हां नुसत्या टोपीच्या जोरानें गोळी नळींत शिरून मध्येंच अडकते. आवाज फुसका येतो. घाईनें दुसरी गोळी झाडली तर या वेळीं पुंगळी नव्हे, नळीच फुगते, आणि तिच्या अंगावर कड्यासारखी वाटोळी सूज उठते. म्हणून दारू घातल्यावर गोळी ठेवण्यापूर्वीं प्रत्येक पुंगळींत दिव्याच्या उजेडांत डोकावून पाहण्याची संवय ज्यानें लावून घेतली नाहीं, त्यानें या छंदापासून दूर राहावें.

पितळाची आणखी एक खोड आहे, आणि तिची ओळख जगाला आपल्या देशाच्या पावसाळ्यानें करून दिली. इंग्रजी सैन्याचीं काडतुसें हिंदुस्थानांत पावसाळ्याच्या दिवसांत तबेल्यांतून सांठवून ठेवीत. एकही गोळी झाडलेली नसतां पुंगळ्यांना तोंडाशीं तडे गेलेले आढळत. ऋतूबरोबर येणारा रोग म्हणून त्याला ‘सीझन क्रॅकिंग’ म्हणूं लागले. १९२१ सालीं मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनीं त्याचा उलगडा केला: घोड्यांच्या मुतापासून निघणारा अमोनिया, दमट हवा, आणि पुंगळी ओढून घडवितांना पितळांत कोंडून राहिलेला ताण, हीं तीन एकत्र आलीं कीं पितळ चिरतें. उपाय म्हणून पुंगळ्या बेताच्या उष्णतेवर तापवून तो ताण काढून टाकूं लागले.

हा तबेल्यांतला धडा अमेरिकन पाट्यावर रोज उपयोगी पडतो. पितळी भांडीं झळकविण्याच्या बाटल्यांतून मिळणाऱ्या कित्येक द्रवांत अमोनिया असतो. पुंगळ्या आरशासारख्या दिसाव्यात म्हणून कोणी तो वापरला, तर सुजून, दबून, आधींच ताणानें भरलेल्या पितळाला तो पदार्थ आंतून पोखरूं लागतो, आणि वरून तें सोन्यासारखें झळकतें. अक्रोडाच्या टरफलांच्या चुऱ्यांत किंवा मक्याच्या बुरकुंडांच्या भरड्यांत पुंगळ्या घोळविणें हेंच त्यापेक्षां बरें; झळाळी थोडी कमी येईल इतकेंच.

पाट्याच्या एका टोकाला डबा ठेवण्याची चाल आहे. तडा गेलेल्या, बुडाशीं सुजलेल्या, संशय आलेल्या पुंगळ्या त्यांत जातात. परंतु आज भंगारांत टाकलेली पुंगळी उद्यां पोरानें किंवा घाईंत असलेल्या मालकानेंच चांगल्यांच्या ढिगांत परत टाकिली, असें होतें. म्हणून जुने लोक ती डब्यांत टाकण्यापूर्वीं तिचें तोंड पक्कडींत धरून चपटें करतात. मग ती कोणत्याही सांच्यांत शिरत नाहीं.